आडवं मांजर

पुण्याचा फ्लॅट सोडून मी जालन्याला आईकडे राहायला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, ऑफिसचा लॅपटॉप आणि एक मांजर होतं. बॅगा आणि लॅपटॉपबद्दल आईची काही तक्रार नव्हती.

मांजर पेटीतून बाहेर आलं, हॉलच्या मधोमध बसलं आणि नव्या भाडेकरूसारखं चारी भिंतींकडे बघायला लागलं. तांबूस पट्ट्यांचा, चांगला पोसलेला बोका. आईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"केवढं हे! ह्याला काय खाऊ घालतीस तू?"

"त्याचं वेगळं खाणं मिळतं. आणि थोडं चिकन."

"आणि काम काय करतं?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. शाळेत ती पुस्तकातलं बोलायची आणि घरात जालन्याचं. पण दोन्हीकडे तिला उत्तर लागायचं. मांजर काम करत नाही, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि आत जाऊन भाजी ढवळली.

ते मांजर चौथ्या मजल्यावर वाढलेलं. मातीला त्याचा पाय कधी लागला नव्हता. आणि आमचं घर मस्तगडाच्या खालच्या अंगाला, जुन्या जालन्यातल्या एका चिंचोळ्या गल्लीत, तळमजल्यावर. आमच्याकडे दार असतं ते रात्री लावायला. दिवसभर दूधवाला, पेपरवाला, शेजारच्या बायका, आईचे आता बाप झालेले विद्यार्थी, सगळे "बाई हायेत का?" म्हणत थेट ओट्यापर्यंत येतात. मी मीटिंगमध्ये असताना मधेच "दार! दार लावा!" असं ओरडायचे आणि पुण्यातले लोक विचारायचे, सगळं ठीक आहे ना?

पहिल्याच आठवड्यात ते एकदा निसटलं. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेलं, फाटकाच्या गजांतून गल्लीतल्या कुत्र्यानं आत तोंड घातलं, आणि आमचं मांजर एका दमात संडासाच्या पत्र्यावर. चढता आलं, पण उतरता येईना. शेवटी आईनं शिडी लावली, मी चढले, आणि त्यानं माझ्या दोन्ही दंडांवर नखांनी सही केली.

एवढं होऊनही बाहेरची हौस फिटली नव्हती. उजाडलं की खिडकीत बसायचं आणि रडायचं. अगदी सूर लावून.

"त्याला एक तर सोड, न्हाई तर गप कर," आई म्हणाली. "मला वाटतं कुणाचं लेकरू रडून राह्यलं."

सोडणं शक्य नव्हतं. गप करणं त्याहून अवघड. तेव्हा मी मोबाइलवर शोधून अंगात घालायचा एक पट्टा आणि लांब दोरी मागवली. पार्सल आलं त्या दिवशी आईनं पट्टा हातात धरून उलटासुलटा केला.

"हे दावं कुणाला?"

"मांजराला. बाहेर फिरवणार त्याला."

"गल्लीत?"

"हो, गल्लीत."

आईनं खिडकीतून गल्लीकडे बघून घेतलं. "दिवसा?" तिनं विचारलं.

पट्टा अंगात चढवणं सोपं गेलं. शेवटचं बक्कल खटकन लागलं आणि मांजर आडवं पडलं. बसलं नाही, झोपलं नाही. एखादं पोतं भिंतीला टेकवलेलं असावं आणि ते कलंडावं तसं पडलं. पाय ताठ, डोळे छताला. आवाज ऐकून आई पळत आली.

"गेलं की काय गं?"

मी चिकनचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. बाकीचं शरीर तसंच राहिलं, फक्त जबडा हलला आणि तुकडा गेला.

"नाटकी हाय," असा निकाल देऊन आई परत गेली.

मग मी धीरानं घेतलं. पट्टा आधी नुसताच त्याच्या ताटलीशेजारी ठेवायला लागले. मग जेवताना घालायचा आणि त्याच्या लक्षात यायच्या आत काढायचा. चिकनला ते सरावलं तेव्हा मी आईच्या डब्यातली सुकट काढली. ती वाळकी मासळी पुण्याच्या मांजरानं जन्मात चाखली नव्हती. सुकटीचा वास आला की ते पट्टाच काय, शाळेचा गणवेशही घालून घ्यायला तयार असायचं. पोट फरशीला घासत, पाण्यातून गेल्यासारखं, पण चालायला लागलं. मग दोरी लावली. ती घरातल्या घरात मागं ओढत ते फिरायचं, पलंगाच्या पायांना वेढे घालायचं, पिठाच्या डब्याला अडकायचं. एकदा आईच्या चहाचा कप घेऊन गेलं. तिनं दुसरा चहा ठेवला आणि सुकटीचा डबा वरच्या फळीवर.

मला एक गोष्ट कळून चुकली होती. मांजराला ओढायचं नाही. जरा ताण बसला की ते पुन्हा आडवं. त्यामुळे फिरवणं हा शब्दच चुकीचा. ते निघालं की आपण निघायचं, थांबलं की थांबायचं, नालीचा वास घेत बसलं की आपणही नालीकडे बघत उभं राहायचं. लोकांना वाटतं मांजर हिच्या हातात आहे, आणि खरी परिस्थिती फक्त दोघांना माहीत असते.

अंगणात सराव झाला, फाटकाचा उंबरा ओलांडून झाला आणि एका सकाळी आम्ही गल्लीत उतरलो. वेळ मी विचार करून निवडली होती, नऊनंतरची. तोवर कुत्री रात्रीची गस्त संपवून उन्हात पसरलेली असतात, आणि माझी मीटिंग दहाला.

भाजीवाली डोक्यावरची पाटी सावरत थांबली. "ताई, हे कुत्र्यातलं हाय का?"

"नाही, मांजरच आहे."

"मंग त्याला सांगितलं का तुम्ही?"

हे सगळं मी धरूनच चालले होते. मी धरलं नव्हतं ते समोरच्या काकांना.

समोरचे काका म्हणजे गावाकडे शेती आणि धान्याच्या बाजारात, मोंढ्यात, बी-बियाण्याचं दुकान असलेला सरळ माणूस. रोज नऊनंतर त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम. आंघोळ, कपाळाला गंध, पांढराशुभ्र शर्ट. काकू डबा हातात द्यायच्या, काका स्कूटरच्या दिव्याला हात लावून नमस्कार करायचे आणि निघायचे. त्या सकाळी त्यांनी स्कूटर चालू केली आणि आमचं मांजर आमच्या फाटकातून निघून सावकाश, मध्ये एकदा थांबून, त्यांच्यासमोरून पलीकडच्या नालीपर्यंत गेलं.

काकांनी स्कूटर बंद केली. माझ्याकडे बघून हसले. "असू दे, असू दे," म्हणाले. घरात गेले, घोटभर पाणी प्यायले, क्षणभर बसले आणि पुन्हा निघाले. तोवर मांजराचं नालीपाशी काम संपलं होतं. ते परत घराकडे निघालं, पुन्हा त्यांच्यासमोरून. काका पुन्हा आत गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी फाटकातून नुसती मान बाहेर काढली.

मांजर मोकळं असतं तर कुणी काही बोललं नसतं. गल्लीत दहा मांजरं आडवी जातात, माणूस दोष देणार कुणाला? पण हे दोरीचं मांजर. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. अपशकुनाला पहिल्यांदाच मालक मिळाला होता.

थोडे दिवस असे गेले. मग एका सकाळी मांजर नेमकं अशा वेळी आडवं गेलं की काकांच्या मागं दूधवाल्याची मोटारसायकल होती आणि समोरून शाळेच्या मुलांची ऑटो. तिघंही थांबले. गल्ली तेवढीच, तुंबली.

"जा की तुम्ही पुढं," काका मागं वळून म्हणाले.

"न्हाई न्हाई, तुम्ही आधी आल्ते," दूधवाला म्हणाला.

"ओ ऑटोवाले, या तुम्ही!"

"मला काय न्हाई हो," ऑटोवाला म्हणाला, "पर गाडीत लेकरं हायेत."

लेकरांना मजा वाटत होती. मागून कुणीतरी हॉर्न धरून ठेवला. मी मांजराला उचलायला गेले, तर ते काकांच्या स्कूटरखाली जाऊन बसलं. आता तर विषयच संपला. त्या गोंधळानं आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"मांजर आडवं गेलं," मी म्हणाले.

"मंग?"

"मग काही नाही. कुणीच पुढं जाईना."

आमच्या घरातले देव आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी नदीत सोडले होते, आणि शकुन, मुहूर्त, नजर, सगळं त्यांच्याबरोबर वाहून गेलं होतं. आई त्याच्याही पुढची. कुणी उतरवून चौकात टाकलेलं लिंबू उचलायची, वर्गात आणून पोरांसमोर त्याचं सरबत करून प्यायची. तिनं गल्लीतल्या तिन्ही गाड्यांकडे पाहिलं, पदर खोचला, आणि आमच्या फाटकापासून पलीकडच्या नालीपर्यंत ताडताड चालत गेली. वळली आणि परत आली.

"झालं? आता निघा!"

तिन्ही गाड्या एकदम चालू झाल्या. मी स्कूटरखालून मांजर ओढून काढलं. ऑटो गेली, दूधवाला गेला. काकांनी जाता जाता एका हातानं नमस्कार केला. "लई उपकार झाले बाई."

आई खुशीत आत गेली. एक पोळी लाटून झाली, दुसरी तव्यावर पडली, आणि मग तिचा हात थांबला.

"अगं, म्हणजे ह्यांनी तो अपशकुन माझ्या डोक्यावर टाकला की! मी आधी गेले म्हणून हे निघाले! वर उपकार म्हणून गेले!"

मी भिंतीला टेकून हसले. ती हसली नाही. तव्यावरची पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती चप्पल घालून तयार. "आण ते दावं इकडं."

ओढायचं नाही हा नियम मी सांगितला होता. पण वर्गात मागं रेंगाळणाऱ्या पोराला हाताला धरून पुढं आणायची तिची जन्माची सवय. फाटकाबाहेर पडताच तिनं दोरी ओढली आणि मांजर गल्लीच्या मधोमध आडवं पडलं. चारी पाय ताठ. आई त्याच्याशेजारी उभी. समोर काका स्कूटरवर. त्यांनी बराच वेळ मांजराकडे निरखून पाहिलं.

"बाई, हे आडवं गेलं म्हणायचं का आडवं पडलं?"

"पडलं."

"मंग जाऊ का?"

"गेलं असतं तरी जायचंच होतं, भाऊ!"

काका गेले, पण मांजराच्या शेपटीकडच्या बाजूनं, पाय जमिनीला टेकवत.

आई शिकली. माझ्याहून लवकर शिकली. ती त्याच्याशी कधी लाडानं बोलली नाही. "चला. इकडं. नालीत जायचं न्हाई. काय बघतो, चल," असं सहावीच्या वर्गाशी बोलावं तसं बोलायची आणि मांजर तिच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. माझ्याबरोबर ते कधी वाण्याच्या दुकानापुढं गेलं नव्हतं. शिस्तीचा परिणाम, ती म्हणायची. सुकटीचा डबा वरच्या फळीवर असून दिवसेंदिवस हलका का होतोय, हे मी विचारलं नाही.

काकांनी आपली वेळ बदलली. लवकर निघायला लागले. आईनंही मांजराची वेळ लवकर केली. काका उशिरा निघाले, तर आई अंगणात थांबून राहिली. गल्लीला दुसरं तोंड होतं, पण तिथं पायऱ्या; स्कूटर जाईना. शेवटी काकू आमच्याकडे आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाल्या, "बाई, यांचं मन लई हळवं हाय हो. दुकानावरून आले की मांजराचंच. गिऱ्हाईक आलं न्हाई तरी मांजर, अन् आलेलं भांडून गेलं तरी मांजर."

"मंग मांजर नव्हतं तेव्हा कोण होतं, वहिनी?"

काकूंनी खरंच आठवून पाहिलं. "तेव्हा मी होते," त्या म्हणाल्या.

आणि मग काकूंनाच हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "राहू द्या बाई," म्हणाल्या, "फिरवा तुम्ही मांजर. मला तेवढाच आराम."

मग उन्हाळा लागला. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं येतं. उन्हाळ्यात आठवड्याचे किती दिवस होतील ते सांगता येत नाही, आणि कोणत्या घटकेला येईल ते तर मुळीच नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, ह्यापेक्षा नळ आला ही बातमी मोठी. ज्याच्या घरी त्या वेळेला माणूस नाही, त्याला टँकर शोधत फिरावं लागतं.

काकू लेकीकडे गेल्या होत्या. काका कुलूप लावून निघाले आणि आईचं मांजर आडवं गेलं. काकांनी मोठा सुस्कारा टाकला, कुलूप उघडलं, आत गेले. माठात तळाशी गेलेलं पाणी तांब्यात ओतून घेतलं आणि बसले. तेवढ्यात अंगणातल्या नळानं फुस्स केलं.

त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. काकांनी टाकी भरली, ड्रम भरले, बादल्या, पातेली, काकूंचा पाहुण्यांसाठी ठेवलेला जगसुद्धा भरला. संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते दुधाची पिशवी घेऊन.

"बाई, हे त्या मुक्या जनावराला. त्यानं आज मला वाचवलं. ते आडवं गेलं नसतं तर म्या मोंढ्यात असतो अन् पाणी वाहून गेलं असतं."

आईचा चहाचा कप तसाच हातात राहिला. "भाऊ, पाणी नळाला आलं. मांजरानं न्हाई आणलं."

"आणलं असं म्या कुठं म्हणतो?" काका म्हणाले. "सांगितलं त्यानं."

बातमी गल्लीभर झाली. मांजर आडवं गेलं की नळाला पाणी येतं. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हाही सकाळी मांजर आडवं गेलेलंच होतं. ते तर रोजच जायचं, पण एवढा हिशोब कोण करतो? आता नऊ वाजता दारादारांत बायका उभ्या. "बाई, आज कोणत्या अंगानं गेलं?" "बाई, सरळ गेलं का मधून फिरलं?" मागच्या गल्लीतून निरोप आला, आमच्याकडेही एखादी चक्कर टाका. काकू लेकीकडून परतल्या त्या दिवशी ताट घेऊनच आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत मांजराच्या कपाळाला कुंकू लावून मोकळ्या झाल्या. मांजरानं पंजा ओला करून ते पुसायला घेतलं आणि सगळं तोंड लाल करून ठेवलं. आईनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. ती इतकी संतापलेली मी पाहिली नव्हती.

"अपशकुन म्हणत होते तेच बरं होतं गं," ती म्हणाली. "तेव्हा निदान भांडता तरी येत होतं. आता पाया पडणाऱ्याशी कसं भांडायचं?"

रात्रभर तिनं विचार केला असावा. सकाळी ती घरोघर सांगून आली की रविवारी प्रयोग आहे. सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहायचं. सगळ्यांच्या देखत मांजर आडवं जाईल आणि पाणी येणार नाही. मग पुन्हा हा विषय नको.

"आलं तर?" काकांनी विचारलं.

"येणार न्हाई."

"पर आलं तर, बाई?"

"आलं तर भरा!"

रविवार तिनं उगाच निवडला नव्हता. ती घरोघर सांगून आली त्याच्या आदल्याच दिवशी नळ येऊन गेला होता. आता आठवडाभर येण्याचं कारण नव्हतं. "ही लबाडी झाली," मी म्हणाले. "ह्याला नियोजन म्हणतात," ती म्हणाली.

रविवारी मी व्हिडिओ काढायला गच्चीवर गेले. वरून सगळी गल्ली दिसत होती. दोन्ही बाजूंना माणसं, सकाळच्या आंघोळी उरकून, लग्नाच्या वरातीची वाट बघावी तशी उभी. प्रयोगावर विश्वास किती होता ते दाराआडच्या बादल्यांवरून कळत होतं. आई मांजर घेऊन फाटकातून बाहेर आली. तिनं छोटंसं भाषण केलं, जे मला वरून नीट ऐकू आलं नाही, पण हातवारे ओळखीचे होते.

मांजर निघालं. चार पावलं बरी गेलं. मग त्यानं मान वर करून गर्दी पाहिली. एवढी माणसं, सगळी गप्प, सगळी आपल्याकडेच बघतायत. गल्लीच्या मधोमध, जुन्या खोदकामाची सिमेंटची पट्टी आहे तिथं, ते आधी बसलं आणि मग आडवं झालं.

"चल," आई म्हणाली.

शेपटीचं टोक हललं.

"चल, उठ. काय शिकवलंय तुला?"

काहीच नाही. वेळ जायला लागला. कुणीतरी खाकरलं. आईनं गल्लीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि कमरेला खोचलेली पुडी हळूच सोडवून त्यातून सुकट काढली. वास गल्लीत पसरला. भाजीवाली मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, बाई सुकट कमरेला खोचून फिरत्यात!" सगळी गल्ली हसली. आईचे कान लाल झाले असणार. मांजरानं पडल्या पडल्या मान तेवढी लांब केली, सुकट घेतली आणि पुन्हा डोकं टेकवलं. डोकं पट्टीच्या पलीकडे, शेपूट अलीकडे.

तेवढ्यात काकांच्या अंगणातून काकू ओरडल्या, "आला! नळ आला!"

कुठंतरी पाइपाची दुरुस्ती झाली होती आणि तपासायला म्हणून पाणी सोडलं होतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी कुणी कारण विचारलं नाही. सगळी गल्ली फुटली. बादल्या खणखणल्या, पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या, दोन माणसं एकमेकांवर आपटली. आई क्षणभर तशीच उभी राहिली. प्रयोग फसला होता, आणि टाकी अर्धी होती. मग तिनं समोर उभ्या असलेल्या काकांच्या हातात दोरी कोंबली. "धरा, भाऊ!" आणि मला वर बघून ओरडली, "मोटर लाव! बघतीस काय!"

मी मोटर लावून पाइप टाकीत सोडला आणि पुन्हा कठड्याशी आले. गल्ली रिकामी झाली होती. मधोमध काका, दोरीचं टोक दोन बोटांत, अंगापासून शक्य तितक्या लांब धरून उभे.

"ओ बाई! ह्याचं काय करायचं आता?"

"ओढू नका!" आई आतून ओरडली.

गर्दी गेली तसं मांजर उठलं. अंग ताणलं, काकांच्या पांढऱ्या पायजम्याला आपली एक बाजू घासली, मग दुसरी, आणि चालायला लागलं. काका मागोमाग निघाले. ओढायचं नाही म्हणून दोरी इतकी सैल धरली होती की ती जमिनीवर लोळत होती. मांजर थांबलं की काका थांबत. मांजरानं नालीत पाहिलं, काकांनीही वाकून पाहिलं. वाण्याचं दुकान गेलं, गल्लीचं टोक आलं, आणि दोघंही मस्तगडाच्या वळणावर दिसेनासे झाले.

परत आले तेव्हा टाकी भरून सांडत होती. मांजर काकांच्या खांद्यावर होतं.

"कुत्रं आडवं आलं बाई," ते सांगायला लागले, "तर हे पळालं न्हाई. माझ्या पायातच घुसलं. काळीज धडधडत होतं त्याचं, हाताला लागत होतं. एवढंसं हाय हो ते." त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तांबूस केस चिकटलेले होते आणि ते झटकायचं त्यांना सुचत नव्हतं.

आईनं त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "पाहिलं ना भाऊ? मांजर आडवं गेलं न्हाई. तरी पाणी आलं."

"गेल्तं की."

"गेलं न्हाई. पडलं होतं."

"अर्धं गेल्तं बाई. डोकं तिकडं होतं. म्या जवळ होतो."

त्यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. पण नंतर काका कधी पाणी प्यायला परत घरात गेले नाहीत. दुकानाला जायच्या आधी ते स्वतःच आमच्या फाटकाशी यायला लागले. "द्या बाई, आणतो जरा फिरवून." आईनं एकदा विचारलंच, आता अपशकुन होत नाही का म्हणून. काका म्हणाले, "आडवं जाईल कसं? दोरी माझ्या हातात हाय. ते तर संगं चालतं." ह्या उत्तरात कुठं बोट ठेवावं हे आईला सापडलं नाही, आणि मला वाटतं, तिनं फार शोधलंही नाही.

काकूंचं म्हणणं एवढंच, की ह्या माणसानं लेकरांना कधी असं फिरवलं नाही.

पुढं ऑफिसनं मला पुण्याला परत बोलावलं. निघायच्या दिवशी मी पेटी काढली. मांजर तिच्याभोवती फिरून, हुंगून, फाटकाशी जाऊन बसलं. नऊ वाजले होते.

"त्याला तिथं कुठं फिरवशील?" आई म्हणाली. "लिफ्टमधी?" आणि पेटी उचलून तिनं माळ्यावर टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तिनं लगेच सुकटीच्या भावावरून बोलायला सुरुवात केली.

दिवाळीला गेले तेव्हा मी हट्टानं दोरी घेतली. मांजर माझ्याबरोबर आलं, पण दर थोड्या वेळानं मागं वळून आईकडे बघत. गल्लीच्या मध्यावर एक अनोळखी मोटारसायकलवाला आला. मांजर त्याच्यासमोरून पलीकडे गेलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला, एक पाय टेकवला आणि इकडे तिकडे बघायला लागला. मी काहीतरी म्हणणार, तोच समोरच्या ओसरीतून, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून, काका ओरडले,

"जा हो बिनधास्त! ओळखीचं हाय!"